आयआरएमएनजी : एका नावाचे दोन जीव वेगळे करायचे असतील तर आधी इथे बघा

पिएरिस हे कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराचं जीनस (जवळच्या जातींचा गट, शास्त्रीय नावातला पहिला शब्द). आणि पिएरिस हेच एका झुडपाचंही जीनस, हीदरच्या कुळातलं, घंटीसारख्या फुलांचे घोस येतात ते. मला हे माहीत नव्हतं. मी सुरवंट आणि त्यांची खाद्यझाडं अशी जोडीने नोंद ठेवते, ती सगळी एका अ‍ॅपमधे टाकली (नाव घेत नाही) आणि ते अ‍ॅप नुसतं जीनस जुळवून गट करतं, त्यामुळे माझी सगळी फुलपाखरं झाडांच्या खात्यात जाऊन बसली आणि तिथल्या अर्ध्या नोंदी फुलपाखरांच्या खात्याला चिकटल्या. निस्तरायला आठवडा गेला, फार वाईट वाटलं.

त्या शोधाशोधीत इंटरिम रजिस्टर ऑफ मरीन अँड नॉनमरीन जेनेरा सापडलं, म्हणजे आयआरएमएनजी. जिवंत असोत की जीवाश्म, प्राणी वनस्पती बुरशी जिवाणू सगळ्यांची जीनसची नावं एकाच ठिकाणी, फुकट, आणि एकसारखी नावं हुडकायलाही ते कामी येतं. पिएरिस टाकलं की नावापुढे कर्ता (म्हणजे ते नाव देणारा) आणि साल दिसतं, श्रँक १८०१ म्हणजे फुलपाखरू, डी. डॉन १८३४ म्हणजे झुडूप, बस्स, गोंधळ मिटला. खाली अख्खं वर्गीकरण असतं त्यामुळे चुकायला जागा नाही.

मुळात हे होतं का तर प्राण्यांच्या नावांचे नियम वेगळे आणि वनस्पती, शैवाल, बुरशी यांचे वेगळे, आणि दोघं एकमेकांची नावं अडवत नाहीत. मोरस म्हणजे तुती आणि मोरसच गॅनेट हा समुद्रपक्षी. प्रुनेला नावाची औषधी वनस्पती आहे आणि त्याच नावाचे छोटे पक्षीही आहेत. ड्रॅकनक्युलस तर कमालच, एकीकडे नारूचा जंत आणि दुसरीकडे सुरणाच्या कुळातली जांभळ्या फुलाची वनस्पती!

प्राण्यांमधल्या प्राण्यांत मात्र असं चालत नाही, तिथे आधी ठेवलेलं नाव टिकतं. शॉने १७९९ मधे बदकचोच्या सस्तन प्राण्याला प्लॅटिपस नाव दिलं पण हर्ब्स्टने ते १७९३ मधेच एका भुंग्याला देऊन टाकलं होतं, म्हणून त्या बिचाऱ्याला ब्लूमेनबाखने दिलेलं ऑर्निथोऱ्हिंकस हे नाव घ्यावं लागलं आणि प्लॅटिपस फक्त बोलीत उरलं. भुंगा अजून प्लॅटिपसच आहे, मला हे फार आवडतं. अशी बाद झालेली नावंही रजिस्टरमधे ठेवलेली असतात आणि जुनी कागदपत्रं वाचताना तीच जास्त लागतात.

फोटो आणि बोलीतली नावं शोधायला इथे येऊ नका, ही नोंदवही आहे. मांडणी रुक्ष वाटेल, पहिल्यांदा बघणाऱ्याला स्टेटस वगैरे रकाने समजायला थोडा वेळ द्यावा लागेल. दुसरं म्हणजे भर जीनसवर आहे, आणि कधी कधी पूर्ण नावच सारखं निघतं. फायकस व्हेरिगाटा हे उंबराच्या जातभाईचं नाव आणि एका समुद्री गोगलगायीचंही, तिथे जातीच्या नावापुढचा कर्ता स्वतःच बघायचा, रोडिंग असेल तर गोगलगाय, ब्लूमे असेल तर झाड.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. आता माझ्या तक्त्यात जीनसच्या शेजारी कर्ता-साल असा एक जादा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय मी काहीच कुठे चढवत नाही. जुन्या नोंदींतल्या एनान्थे अजून तपासायच्या राहिल्यात, त्यात व्हीटिअर पक्षीही आहेत आणि पाणथळ जागेतली विषारी झाडंही.