हिगुराशी: आठ महिने आणि एक वही

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘रेना खुनी आहे. मिओन तिला सामील.’ खाली दोन रेघा मारल्यात. आठ महिन्यांनी ते पान वाचताना जीव कळवळतो. त्या दोघी त्या दिवशी घाबरलेल्या मित्राची विचारपूस करायला आल्या होत्या. त्याने त्यांना बॅटने मारून टाकलं, आणि वाचताना मी त्याच्या बाजूने होते.

‘हिगुराशी नो नाकु कोरो नी’बद्दल लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी. पुढे सगळी रहस्यं उघड केली आहेत. ज्यांना स्वतः वाचायचंय त्यांनी इथेच थांबावं, आणि खरोखर थांबावं.

ही आहे जपानी ‘साउंड नॉव्हेल’. म्हणजे पडद्यावर मजकूर, मागे छायाचित्रांवरून केलेली पार्श्वभूमी, पात्रांची चित्रं आणि संगीत. कथा आणि मूळ चित्रं दोन्ही र्युकिशी०७ यांची. पहिलं प्रकरण ऑगस्ट २००२ मध्ये टोकियोच्या कॉमिकेट या हौशी प्रकाशनांच्या जत्रेत विकलं गेलं, आठवं आणि शेवटचं ऑगस्ट २००६ मध्ये आलं. पहिली चार प्रकरणं प्रश्नांची, पुढची चार उत्तरांची. खेळ म्हणावा तर कुठलाही पर्याय निवडायचा नसतो. विचार करायचा, एवढाच खेळ. मी इंग्रजी आवृत्ती स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतली आणि रोज रात्री तास-दीड तास वाचली.

कथा हिनामिझावा नावाच्या डोंगरातल्या गावची, जून १९८३ मधली. गाव काल्पनिक आहे, पण घरं गिफू प्रांतातल्या शिराकावा-गोची, उतरत्या गवती छपरांची. दरवर्षी उत्सवाच्या रात्री एक माणूस मरतो आणि एक नाहीसा होतो. गावकरी म्हणतात, ओयाशिरो-सामा या देवाचा कोप.

पहिला गोंधळ सगळ्यांचाच होतो. दुसरं प्रकरण उघडलं की पहिल्यात मेलेली माणसं जिवंत आणि हसत-खेळत. मला वाटलं ही आधीची गोष्ट असेल. तसं नाही. तोच जून पुन्हा सुरू होतो, थोड्या वेगळ्या वळणाने. रिका ही देवळाच्या घराण्यातली लहान मुलगी या फेऱ्यांत अडकली आहे, जवळजवळ शंभर वर्षं. एका फेरीतली घटना दुसऱ्या फेरीत घडलीच असेल असं धरू नका. माझ्या वहीतली पहिली चाळीस पानं यामुळेच फुकट गेली.

आता पहिलं प्रकरण. केइची शहरातून नवा आलेला मुलगा. गाव बुडवू पाहणाऱ्या धरणाच्या जागेवर झालेल्या खुनाबद्दल तो रेना आणि मिओन या मैत्रिणींना विचारतो, त्या काही घडलंच नाही म्हणतात. मग त्या घरी ओहागी घेऊन येतात. ओहागी म्हणजे चिकट भाताचा लाडू, वरून लाल कडधान्याच्या गोड पुरणाचा थर. त्यात त्याला सुई लागते. शेवटी त्या इंजेक्शन घेऊन येतात, तो दोघींना मारतो, पळतो आणि स्वतःचा गळा ओरबाडून मरतो.

यातली सुई खोटी आणि इंजेक्शनही खोटं. ओहागीत तिखट टाबॅस्को सॉस होता. हरणाऱ्याच्या चेहऱ्यावर लिहायची या मुलांच्या खेळातली शिक्षा असते, हातात होता त्यासाठीचा मार्कर पेन. हे सहाव्या प्रकरणात कळतं, जेव्हा केइचीला पहिल्या प्रकरणातली ती फेरी अचानक आठवते. मी लॅपटॉप मिटून बाल्कनीत जाऊन उभी राहिले होते. प्रकरण केइचीच्या तोंडून सांगितलंय, म्हणून आपण त्याच्या डोळ्यांनी सुई पाहिली. त्या रात्रीपासून प्रत्येक प्रकरणाच्या वर मी एकच प्रश्न लिहायला लागले: हे सांगतंय कोण, आणि ते माणूस शुद्धीवर आहे का? निम्म्या गाठी तेवढ्यानेच सुटल्या.

या भ्रमाला नाव आहे, हिनामिझावा सिंड्रोम. गावात पसरलेल्या परजीवीमुळे होणारा आजार. ताण आणि संशय वाढला की तो पेटतो. शेवटच्या पायरीवर गळ्याला असह्य खाज सुटते आणि माणसाला सगळे शत्रू वाटतात. काही वाचकांना हे सोपं उत्तर वाटतं. मला तसं वाटत नाही. आजार फक्त संशय वाढवतो, संशयाचं बी प्रत्येक वेळी माणसांनीच पेरलेलं असतं. कुणी गोष्ट लपवलेली असते, कुणी विचारायचं टाळलेलं असतं.

देवाच्या कोपाची यादी उलगडताना सगळ्यात जास्त मजा आली. १९७९ मध्ये धरणाच्या कामावरच्या मुकादमाचा खून: मजुरांचं भांडण. १९८० मध्ये सातोको या केइचीच्या छोट्या मैत्रिणीचे आई-वडील कड्यावरून पडले: आजाराच्या झटक्यात पोरीनेच ढकललं. १९८१ मध्ये रिकाचे आई-वडील: यामागे ताकानो, गावच्या दवाखान्यातली नर्स. १९८२ मध्ये सातोकोच्या काकूचा खून: सातोकोचा भाऊ सातोशी याने केला. तो ‘नाहीसा’ झालेला नाही, दवाखान्याच्या तळघरात बेशुद्ध पडलाय. चार वर्षं, चार वेगळी कारणं. एकच कर्ता शोधत बसलं की डोकं गरगरतं, आणि लेखकाने आपल्याला नेमकं तेच करायला लावलेलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला मिओन-शिओन या जुळ्या बहिणींनी. माझा मामेभाऊ २००६ ची २६ भागांची अ‍ॅनिमे मालिका पाहून बसला होता. आम्ही यावर फोनवर तास तास वाद घातले. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी ‘मिओन’ केइचीला भोसकते. नंतर पोलीस सांगतात, मिओनचं प्रेत विहिरीत सापडलं आणि ती त्याआधीच मेली होती. मग भोसकलं कुणी? भुताने?

उत्तर पाचव्या प्रकरणात. शिओनने बहिणीला कोंडलं होतं, तिचे कपडे घालून तीच मिओन म्हणून फिरत होती. भोसकणारीही तीच. तिचं सातोशीवर प्रेम, आणि आपल्याच सोनोझाकी घराण्याने त्याला संपवलं अशी तिची खात्री. पण गाठीखाली आणखी एक गाठ आहे. घराण्याच्या वारसदार मुलीच्या पाठीवर राक्षसाचं गोंदण करतात. ज्या दिवशी ते व्हायचं, त्या दिवशी दोघींनी गमतीने अदलाबदल केली होती. गोंदण धाकटीच्या पाठीवर गेलं आणि ती कायमची मिओन झाली. म्हणजे जिला आपण शिओन म्हणतो ती जन्माने मिओन. हे समजल्यावर पाचवं प्रकरण मी लगेच पुन्हा वाचलं. राग कमी झाला नाही, पण तो राग कुठून आला ते दिसलं.

आणि हे सगळं सुरू होतं एका बाहुलीपासून. केइची ती रेनाला देतो. मिओन मुलासारखी वागते, तिला काय करायचीय, असं त्याला वाटतं. सातव्या प्रकरणात तो ती मिओनला देतो आणि तो रक्तपात होतच नाही. माझ्यासाठी अख्ख्या मालिकेतला हा सगळ्यात सुंदर क्षण.

ताकानोचा धागा पकडायचा तर एक आकडा लक्षात ठेवा: २४ तास. उत्सवानंतर तिचं जळालेलं प्रेत सापडतं, पण मृत्यूची वेळ निघते एक दिवस आधीची. उत्सवात तर तिला सगळ्यांनी पाहिलेलं. ही तपासणीतली चूक म्हणून मी सोडून दिलं होतं. प्रेत तिचं नव्हतंच. ती जिवंत आहे आणि शेवटी रिकाला तीच मारते, म्हणजे या आजाराबद्दलचा आजोबांचा सिद्धांत खरा ठरवायला सगळं गाव विषारी वायूने संपवता येईल. बाहेर सांगतात, ज्वालामुखीचा वायू.

आपल्याकडच्या वाचकाला धरणाचा भाग वेगळा लागेल. मुळशीचा सत्याग्रह ऐकून वाढलेल्याला गाव बुडण्याची भीती समजावून सांगावी लागत नाही. सातोकोच्या घरच्यांनी धरणाची बाजू घेतली म्हणून अख्खं गाव त्यांना वाळीत टाकतं आणि तो वाळीतपणा लेकरांच्या वाट्याला येतो. भुताखेतांपेक्षा मला याची भीती जास्त वाटली.

खटकलं तेही सांगते. प्रत्येक प्रकरणाचे पहिले काही तास पत्ते आणि खेळ यांत जातात, तिसऱ्या प्रकरणाच्या सुमाराला मी सोडून द्यायच्या बेतात होते. आठव्यातली गुप्त संघटना आणि बंदुका मला पटल्या नाहीत. एका दुखावलेल्या बाईच्या हट्टाला एवढ्या फौजेची गरज नव्हती. सातोकोवरचे अत्याचार तिसऱ्या आणि सातव्यात फार सविस्तर आहेत. ज्यांना असं वाचणं जड जातं त्यांनी आधीच जाणून घ्यावं. मूळ चित्रं ओबडधोबड आहेत, नव्या आवृत्तीत जुनी आणि नवी दोन्ही मिळतात. मी मूळच ठेवली.

क्रम मोडू नका. २०२० ची ‘गो’ ही अ‍ॅनिमे मालिका नव्याने सुरुवात वाटते, पण ती पुढची गोष्ट आहे. ती आधी पाहिली तर हे सगळं वाया जातं.

सध्या मी पहिलं प्रकरण दुसऱ्यांदा वाचतेय. केइची रस्त्यात थांबतो आणि मागे एक पाऊल जास्त वाजतं. पहिल्या वेळी मी त्या जागी ‘पाठलाग, बहुतेक रेना’ लिहिलं होतं. ती हान्यू आहे, रिकाशिवाय कुणालाच न दिसणारी. त्याच्या मागोमाग चालत ती माफी मागतेय. काल रात्री मी तिथेच थांबले आणि वहीत तिचं नाव लिहिलं.