शरणपुरातील रुग्णसाहित्य सेवा: घेताना आणि परत करताना

नाशिकच्या शरणपूर परिसरातील एका ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) काही कुटुंबे गरजू रुग्णांना घरी वापरण्यासाठी साहित्य देतात. त्यात व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड (पडून राहिल्याने अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून वापरायची हवेची गादी) आणि डोक्याकडची बाजू वर करता येणारी लोखंडी खाट अशा वस्तू आहेत. भाडे घेतले जात नाही. माफक अनामत रक्कम ठेवावी लागते आणि वस्तू परत केल्यावर ती पूर्ण मिळते. या कुटुंबांना प्रसिद्धी नको असल्यामुळे त्यांच्या इच्छेला मान देऊन मी नाव लिहीत नाही. नाशिकमध्ये कोणाही ओळखीच्या पाळकांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) चौकशी केल्यास माग लागतो. माझ्या आईच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा आम्ही या सेवेचा लाभ घेतला, आणि ती बरी झाल्यानंतर मी शनिवारी दुपारी तेथे मदतीला जाऊ लागले. त्यामुळे घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची अशा दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत.

साहित्य जुने असले तरी निगा उत्तम आहे. आम्हाला वॉकर देताना तेथील मावशींनी आईला उभे करून हात मोकळे सोडायला सांगितले, मूठ बरोबर मनगटाच्या रेषेत येईल अशा बेताने चारही पायांची उंची लावली, आणि एका पायाचे रबरी बूच झिजलेले दिसताच ते लगेच बदलले, कारण ओल्या फरशीवर घसरण्याचा खरा धोका तेथेच असतो. एअर बेड देताना तर त्या घरच्यांना बसवून समजावतात की, गादीमुळे दाब कमी होत असला तरी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्यातून सुटका नाही, आणि गादीवर चादरींचे थर घातले तर तिचा उपयोगच उरत नाही. विकत किंवा भाड्याने वस्तू घेताना इतके सविस्तर मला कोणीही सांगितलेले नाही.

नोंदवहीत नाव, गाव, फोन क्रमांक, रुग्णाचे वय आणि वजन एवढेच रकाने आहेत. जातीचा किंवा धर्माचा रकाना नाही. पेठ, सुरगाणा, हरसूल या भागांतून उपचारांसाठी नाशिकला आलेली आदिवासी कुटुंबे येथे येतात, तशीच पंचवटीतील जुन्या वाड्यांतील माणसेही येतात. वस्तू देताना कोणालाही पत्रक दिले जात नाही की प्रार्थना केली जात नाही. एकदा एका नव्या, उत्साही तरुणाने कमोड खुर्चीबरोबर सुवार्तेची पत्रिका पुढे केली, तेव्हा ज्येष्ठ काकांनी त्याला बाजूला घेऊन सांगितले की, ज्याला खुर्चीची गरज आहे तो आत्ता कशालाच नाही म्हणू शकत नाही, म्हणून आत्ता काही देऊ नये. मी ख्रिस्ती आहे आणि प्रभूची साक्ष देणे हे मी माझे कर्तव्य मानते. तरीही काकांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतील चांगला शोमरोनी, म्हणजे वाटेत लुटलेल्या माणसाला मदत करणारा परका प्रवासी, त्याच्या जखमांना तेल व द्राक्षारस लावतो, पट्ट्या बांधतो, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. पण त्या जखमी माणसाशी तो एक शब्दही बोलल्याची नोंद नाही. त्याचे एकच वाक्य आहे, तेही उतारशाळेच्या माणसाला दोन दीनार (चांदीची नाणी) देताना, जखमीची काळजी आणि पुढचा खर्च याविषयी.

आणि तरीही साहित्य ठेवलेल्या या खोलीत प्रार्थना होते, मात्र ती कोणी योजलेली नसते. ती बहुधा वस्तू परत करण्याच्या वेळी होते. याची मला अजिबात कल्पना नव्हती. बऱ्या झालेल्या रुग्णाचे नातेवाईक वस्तू ठेवतात, आभार मानतात आणि निघतात. ज्यांचे माणूस गेले आहे ते मात्र बसून राहतात. निफाडकडील एक वयस्कर शेतकरी व्हीलचेअर परत करायला आले होते. मावशी सवयीप्रमाणे बैठकीच्या फटी पुसत होत्या, तेव्हा त्यांच्या बोटांना केसांचा एक आकडा लागला. त्यांनी तो धुऊन त्या शेतकरी बाबांच्या हातावर ठेवला. बाबांनी तो ओळखला. बराच वेळ ते आपल्या पत्नीविषयी, तिच्या शेवटच्या महिन्याविषयी आणि घरात आता दिवा कोण लावणार याविषयी बोलत राहिले, आणि मग त्यांनी स्वतःच विचारले, "ताई, तुमच्यात अशा वेळी काही म्हणतात का?" मावशींनी आधी त्यांची परवानगी घेतली, साध्या मराठीत चार ओळींची प्रार्थना केली आणि अनामत परत दिली. माझ्या मते सेवाकार्य ते हेच, आणि ते घडू शकते याचे कारण त्याआधीचे दोन महिने बाबांकडे कोणी कशाचीही अपेक्षा केली नव्हती.

"फुकट का देता?" असा प्रश्न नेहमी येतो. काका तेव्हा शरणपूरचाच इतिहास सांगतात: एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना येथील मिशनने आसरा आणि शिक्षण दिले, आणि येथेच शिकलेला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत वारलेले प्रसिद्ध शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. ज्या वस्तीने परक्यांना घरात घेतले, तिने शेजाऱ्याला खाट द्यावी यात विशेष काय, असे काकांचे म्हणणे असते.

उणिवाही आहेत. खाटा फारच थोड्या असल्याने अनेकदा थांबावे लागते. रविवारी सकाळी उपासनेच्या वेळी फोन उचलला जात नाही, आणि रुग्णाला घरी सोडण्याचा निरोप नेमका तेव्हाच मिळाला तर कुटुंबाची धावपळ होते. उपासनेला न जाणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याकडे तेवढा वेळ फोन सोपवता येईल, असे मी सुचवले आहे. खाट नेण्या-आणण्याचा खर्च आपला असतो, त्यासाठी छोटा हत्ती (लहान टेम्पो) ठरवावा लागतो. ऑक्सिजनचे यंत्र ते ठेवत नाहीत. त्याची देखभाल नीट जमणार नसेल तर न ठेवणेच बरे, असे मलाही वाटते.

जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाचे वजन लिहून न्यावे. व्हीलचेअर हवी असल्यास घरातील सर्वांत अरुंद दाराची रुंदी आधी मोजावी, कारण वाड्यांच्या न्हाणीघरांच्या दारांतून ती बऱ्याचदा जात नाही. परत करायला जाताना टेम्पोवाल्याला खोळंबून ठेवू नये. वस्तू उतरवून त्याला मोकळे करावे आणि स्वतः हवे तितके बसावे.