स्क्रीनिंगसाठी रय्यान, एएसरिव्ह्यू की चॅटबॉट?

पीजीच्या थिसिससाठी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, तपासून मांडणं) घेतला की पहिली दमछाक स्क्रीनिंगला, म्हणजे कुठले पेपर घ्यायचे आणि कुठले सोडायचे हे ठरवताना होते. समजा, विषय आहे गरोदरपणातला ॲनिमिया आणि शिरेतून दिलं जाणारं आयर्न. पबमेड, एम्बेस हे वैद्यकीय संशोधनाचे डेटाबेस धुंडाळून, डुप्लिकेट काढूनही हजारेक ॲबस्ट्रॅक्ट (पेपरांचे सारांश) उरतात. कामाचे निघतात मूठभर.

स्क्रीनिंगला जोडीदार असेल तर मी डोळे झाकून रय्यान सुचवेन. कतारमध्ये तयार झालेलं हे साधन ब्राउझरमध्येच चालतं. 'रँडमाइज्ड'सारखे शब्द हिरवे दिसतात, नको असलेले लाल. पण खरी किंमत आहे ती ब्लाइंड सोयीची. ती चालू असेपर्यंत दुसऱ्याने काय ठरवलं ते कळत नाही. बंद केली की मतभेदाचे पेपर वेगळे काढता येतात आणि चर्चा तेवढ्यांवरच होते. फुकटच्या खात्याला मात्र मर्यादा आहेत.

यादी फार मोठी असेल तर एएसरिव्ह्यू बघा. युट्रेक्ट विद्यापीठाचं, ओपन सोर्स, आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारं. सुरुवातीला कामाचे आणि बिनकामाचे काही पेपर दाखवायचे. पुढे तुमच्या प्रत्येक निर्णयातून शिकत ते कामाचे वाटतील ते पेपर वर आणतं. वेळ खरोखर वाचतो. अडचण एवढीच की थांबायचं कुठे? 'सलग इतके बिनकामाचे आले की थांबू' हा नियम प्रोटोकॉलमध्येच (कामाआधी लिहिलेल्या आराखड्यात) लिहून ठेवा, कंटाळा आल्यावर ठरवू नका. आणखी एक खाचखळगा: जुन्या पेपरांचं बऱ्याचदा नुसतं शीर्षकच मिळतं. ॲबस्ट्रॅक्ट नसल्याने मशीनच्या हाती काही लागत नाही आणि चांगली ट्रायलसुद्धा तळाला जाते. असे पेपर आधीच बाजूला काढून स्वतः वाचा.

चॅटबॉटला घ्या-सोडाचा अंतिम निर्णय देऊ नका. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर बदलू शकतं, आणि अस्तित्वात नसलेले संदर्भही तो बेधडक देतो. सर्चसाठी समानार्थी शब्द सुचवायला मात्र तो उपयोगी आहे. त्याच्याकडून पेपरांतले आकडे काढून घेतलेत तर प्रत्येक आकडा मूळ तक्त्याशी ताडून पाहा. चौथ्या आठवड्याचं हिमोग्लोबिन सहाव्याच्या रकान्यात गेलं तर सगळं मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेलं उत्तर) चुकतं, आणि त्यावर कुणा गरोदर बाईचा उपचार ठरतो.

काहीही निवडा, नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. प्रिझ्मा 2020 या, रिव्ह्यू कसा मांडावा हे सांगणाऱ्या नियमावलीच्या फ्लो डायग्राममध्ये ऑटोमेशनने अपात्र ठरवलेल्या पेपरांसाठी स्वतंत्र ओळ आहे, आणि तिथला आकडा नंतर आठवून भरता येत नाही.