लेफ्टओव्हर्स, हेल्मेट, व्हेस्ट की बूट्स: पोकेमॉन बॅटलमध्ये बचावाचा आयटम कसा ठरवायचा

परवा ठाण्याहून वाशीला येत होतो, ऐरोलीला माझा मावसभाऊ चढला, अकरावीत आहे, आणि बसायच्या आधीच त्याने मोबाईल पुढे केला, "दादा, कॉर्व्हीनाइटला लेफ्टओव्हर्स ठेवू की रॉकी हेल्मेट लावू?" रबाळे गेलं, घणसोली गेलं, तुर्भे आलं तरी आमचं तेच चालू होतं, कारण मी त्याला उलटं विचारत होतो की तुझा हा पोकेमॉन एका मॅचमध्ये साधारण किती टर्न मैदानात असतो आणि त्याला नक्की मारतं कोण, आणि हे त्याने कधी मोजलंच नव्हतं. बरेच जण आयटम, म्हणजे पोकेमॉनने लढताना जवळ धरलेली वस्तू, निवडताना कोणता "भारी" आहे एवढंच विचारतात, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय. शोडाउनवर (ब्राउझरमधला बॅटल सिम्युलेटर) खेळत असाल किंवा निन्टेंडो स्विचवर, हिशोब तोच आहे, उदाहरणं मी स्कार्लेट-व्हायलेट या गेममधली घेतोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, तुम्ही सिंगल्स (एकावेळी एकास एक) खेळता की डबल्स (दोनास दोन). सिक्स-व्हर्सेस-सिक्स सिंगल्समध्ये मॅच लांब चालते, सारखं स्विचिंग, म्हणजे मैदानातल्या पोकेमॉनची अदलाबदल, असतं, आणि एकच आयटम टीममधल्या चार जणांना लावला तरी चालतो. व्हीजीसी म्हणजे अधिकृत डबल्समध्ये सहापैकी चारच आणायचे, लेव्हल ५०, आणि टीममध्ये एक आयटम एकालाच. म्हणजे डबल्समध्ये लेफ्टओव्हर्स एकाला दिलं की बाकीच्यांना नाही. त्यामुळे तिथे "चांगला कोणता" यापेक्षा "याची जास्त गरज कोणाला" हा प्रश्न येतो.

लेफ्टओव्हर्सपासून सुरू करू. १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरपासून हा आयटम आहे, आणि काम अगदी सरळ, प्रत्येक टर्न संपताना कमाल एचपीचा, म्हणजे जीव मोजणाऱ्या आकड्याचा, सोळावा हिस्सा परत. ऐकायला किरकोळ वाटतं पण थेंबे थेंबे तळे साचे असा प्रकार आहे. डोंडोझोला पूर्ण एचपी इन्व्हेस्टमेंट दिली, म्हणजे वाढीचे पॉइंट (ईव्ही) त्यात ओतले, तर लेव्हल १०० ला ५०४ एचपी होतात, म्हणजे टर्नला ३१, आठ टर्न बसला तर जवळजवळ अर्धा डोंडोझो परत उभा. पण आठ टर्न बसला तर. हीच गोष्ट डबल्समध्ये बघा, इन्सिनरोर लेव्हल ५० ला जास्तीत जास्त २०२ एचपीचा, लेफ्टओव्हर्सचे टर्नला १२ मिळणार, आणि सिट्रस बेरी लावली तर अर्ध्याखाली आला की एकदम ५०. चार टर्न झाले तरी लेफ्टओव्हर्स ४८ वरच असतं, पाचव्या टर्नला कुठे पुढे जातं. डबल्समध्ये दोघं मिळून एकाला मारत असताना सलग पाच टर्न तो टिकतोय का ते तुमचं तुम्हीच बघा. माझं मत विचाराल तर डबल्समध्ये इन्सिनरोरसारख्या सतत आत-बाहेर करणाऱ्याला बेरीच, आणि लेफ्टओव्हर्स फक्त अशाला जो प्रोटेक्ट (एक टर्न मार अडवणारी मूव्ह) आणि सब्स्टिट्यूट (आपल्याऐवजी मार झेलणारा बाहुला) करत ठाण मांडून बसणार आहे. बेरीचा धोका एवढाच की अर्ध्याच्या वर असताना एका फटक्यात गेला तर ती खायलाच मिळत नाही.

लेफ्टओव्हर्स नीट वापरायचं म्हणजे प्रोटेक्ट सोबत हवं. प्रोटेक्ट दाबलं की त्या टर्नला मार नाही आणि वर सोळावा हिस्सा फुकट, शिवाय समोरचा काय दाबतोय तेही कळतं, चॉइस आयटमवाला असेल तर तो आता त्याच मूव्हमध्ये अडकलाय हे समजून पुढचा स्विच करता येतो. लेफ्टओव्हर्स लावून नुसते फटके खात बसणारे खूप बघितलेत, त्यात अर्धा फायदा वाया जातो.

आता हेल्मेट. रॉकी हेल्मेट आला २०१० च्या ब्लॅक-व्हाइटला, आणि त्याने तुमचा एकही एचपी वाढत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. जो अंगाला भिडणारी मूव्ह मारेल त्याच्या स्वतःच्या कमाल एचपीचा सहावा हिस्सा जातो, बस. म्हणजे हा आयटम तुमच्या पोकेमॉनसाठी नाही, तुमच्या टीमच्या उरलेल्या पाच जणांसाठी आहे. समोरचा यू-टर्न (मारून लगेच बाहेर पडायची मूव्ह) मारत मारत सारखा पळत असेल तर प्रत्येक यू-टर्नला सहावा हिस्सा, ग्रेट टस्क रॅपिड स्पिन (मारता मारता आपल्या बाजूची जमीन साफ करणारी मूव्ह) करत असेल तर दोन स्पिनला त्याचा एक तृतीयांश साफ, आणि नॉक ऑफ मारून हेल्मेट पाडला तरी पाडताना त्याला एकदा लागतंच. सगळ्यात सुंदर हिशोब पाण्याच्या उर्शिफूचा आहे, त्याचा सर्जिंग स्ट्राइक्स तीन वेळा लागतो आणि तिन्ही वेळा अंगाला भिडतो, म्हणजे हेल्मेटवाल्याला मारला की त्याचा स्वतःचा अर्धा एचपी गेला. डबल्समध्ये अमूंगस रेज पावडर करून तो फटका स्वतःवर ओढतो, त्याला पाणी अर्धंच लागतं, आणि उर्शिफू जखमी होऊन बसतो, हे एकदा जमलं की हेल्मेटची किंमत कळते. गारचॉम्पला रफ स्किन (भिडणाऱ्याला इजा करणारी क्षमता) असेल तर तिचा आठवा आणि हेल्मेटचा सहावा मिळून एका फटक्याला जवळजवळ २९ टक्के.

पण अर्थक्वेक अंगाला भिडत नाही. शॅडो बॉल, मूनब्लास्ट, हायड्रो पंप, काहीच भिडत नाही. समोरच्याने पंचिंग ग्लोव्ह लावला असेल तर उर्शिफूच्या पंचलाही हेल्मेट गप्प. त्यामुळे तुमच्या वॉलसमोर (मार झेलायला ठेवलेल्या पोकेमॉनसमोर) बहुतेक वेळा स्पेशल अटॅकर (ज्यांचा मार स्पेशल डिफेन्सवर मोजला जातो) येत असतील तर हेल्मेट ही शोभेची वस्तू आहे.

स्पेशल अटॅकरवरून व्हेस्ट. असॉल्ट व्हेस्ट २०१३ च्या एक्स-वाय मधला, स्पेशल डिफेन्स दीडपट, आणि बदल्यात स्टेटस मूव्ह (थेट न मारणारी, जसं प्रोटेक्ट) एकही वापरता येत नाही. आपल्याकडे जुलैत पाऊस आडवा यायला लागला की डोक्यावर छत्री असून कमरेखाली भिजतोच ना, व्हेस्टचं तसंच आहे, एकाच बाजूने येणाऱ्या माराला छत्री, फिजिकलवाल्याला काही फरक नाही. पण ज्या बाजूने धरता त्या बाजूने खरंच जबरदस्त. आयर्न हँड्स घ्या, लेव्हल ५० ला त्याचा स्पेशल डिफेन्स काही न टाकता ८८. सगळे ईव्ही त्यातच ओतले तर १२०. आणि एकही ईव्ही न टाकता नुसता व्हेस्ट लावला तर १३२. म्हणजे व्हेस्ट तुम्हाला पूर्ण इन्व्हेस्टमेंटपेक्षा जास्त देतो आणि ते ईव्ही तुम्ही अटॅकला टाकू शकता. आणि काम माइंड (Calm Mind) वगैरे मूव्ह करून वाढवलेला डिफेन्स क्रिटिकल हिट लागला की मोजला जात नाही, व्हेस्टचं दीडपट मात्र क्रिटिकलमध्येही कायम राहतं, हा फायदा फार कमी लोकांच्या लक्षात येतो.

किंमत पण तेवढीच मोठी आहे. डबल्समध्ये व्हेस्ट म्हणजे प्रोटेक्ट नाही. ज्या फॉरमॅटमध्ये अर्धा खेळ प्रोटेक्ट कधी दाबायचं यावर चालतो तिथे तुम्ही एक पोकेमॉन कायमचा उघडा ठेवताय. आयर्न हँड्सला ते परवडतं, कारण फेक आउट (समोरच्याला एक टर्न दचकवणारी मूव्ह) आहे आणि ड्रेन पंचने मारता मारता एचपी परत येतो. इन्सिनरोरला व्हेस्ट लावायचा तर पार्टिंग शॉट विसरा, तीही स्टेटस मूव्ह, यू-टर्नवर भागवावं लागेल. सिंगल्समध्ये तर रूस्ट, रिकव्हर अशा एचपी भरून काढणाऱ्या मूव्ह सगळ्या बंद. म्हणून ज्याला स्वतःहून एचपी परत मिळवायचा दुसरा काही मार्ग नाही त्याला व्हेस्ट देऊ नका, दोन-तीन चांगले फटके झेलेल आणि संपेल.

सिंगल्सवाल्यांनी आता हे नीट वाचा, कारण हेवी-ड्यूटी बूट्सवरून लोकांची सगळ्यात जास्त भांडणं होतात. २०१९ च्या सोर्ड-शील्डमध्ये आले, आणि काम एकच, आत येताना जमिनीवर पसरलेलं काही लागत नाही, ना स्टेल्थ रॉक (टोकदार दगड), ना स्पाइक्स (काटे). बऱ्याच जणांना वाटतं बूट्स म्हणजे एचपी न देणारा फालतू आयटम. जरा आकडे मांडू. ब्लिसीचे पूर्ण एचपी ७१४. लेफ्टओव्हर्स तिला टर्नला ४४ देणार. स्टेल्थ रॉकवर पाय पडला की ८९ गेले, म्हणजे दोन टर्नची कमाई दारातच. तीन थर स्पाइक्स असतील तर आणखी १७८, एकूण २६७, सहा टर्न लेफ्टओव्हर्स खाऊन जेवढं मिळतं तेवढं एकदा आत यायला मोजायचं. आणि वॉलचं कामच मुळी दहा वेळा आत यायचं आहे! व्होल्करोना आणि मोल्ट्रेसला तर स्टेल्थ रॉक चौपट लागतो, सरळ अर्धा एचपी, त्यांना बूट्सशिवाय आणणं मला पटतच नाही. ड्रॅगोनाइटला पाव जातो, पण त्याचं खरं नुकसान वेगळं आहे, मल्टिस्केलमुळे फटका अर्धा होतो तो फक्त एचपी पूर्ण असताना, एक दगड लागला की ते गेलं.

मग सगळ्यांना बूट्सच का नाही? कारण कॉर्व्हीनाइटसारख्याला स्पाइक्स लागत नाहीत, उडतो, आणि स्टेल्थ रॉकचे साडेबारा टक्के तो एका रूस्टमध्ये भरून काढतो. आणि तुमच्या टीममध्ये जमीन साफ करणारा चांगला असेल तर बूट्सची गरज कमी होते. फक्त समोर घोल्डेंगो असेल तर ते साफ करणं अवघड जातं, त्याच्यावर डीफॉग (जमीन साफ करणारी दुसरी मूव्ह) चालत नाही आणि घोस्ट असल्यामुळे रॅपिड स्पिनही आरपार जातो.

इव्हियोलाइटबद्दल थोडंसं, कारण माझं मन तिथे अजून अडकलेलं आहे. पूर्ण इव्हॉल्व्ह न झालेल्या पोकेमॉनचे दोन्ही डिफेन्स दीडपट. चॅन्सीचा डिफेन्स पूर्ण ताकद लावून ११९, इव्हियोलाइटने १७८, तर मोठी बहीण ब्लिसी तेवढंच सगळं टाकून १३० वरच. कागदावर चॅन्सी कुठच्या कुठे पुढे आहे, एचपीही ७०४, म्हणजे ब्लिसीपेक्षा फक्त १० कमी. मी कित्येक महिने चॅन्सीच खेळवली, आणि प्रत्येक वेळी समोरच्याने तिच्या स्विचवर नॉक ऑफ मारला की माझी अख्खी टीम कोसळायची, कारण मी सगळा बचाव तिच्या त्या एका आयटमवर उभा केला होता. २०१३ पासून नॉक ऑफची पॉवर ६५ आहे आणि समोरच्याकडे आयटम असेल तर दीडपट, पूर्वी ती २० ची किरकोळ मूव्ह होती, आता जो तो घेऊन फिरतो. ब्लिसीचे बूट्स पडले तर ती थोडी अडचणीत येते. चॅन्सीचा इव्हियोलाइट पडला तर चॅन्सीच उरत नाही. डबल्समध्ये पोरिगॉन-टू ट्रिक रूम (हळू असणारे आधी खेळतात ती मूव्ह) लावायला इव्हियोलाइटवर मस्त चालतो, तिथे मात्र मी डोळे झाकून हो म्हणेन, त्याचं मुख्य काम पहिल्या एक-दोन टर्नमध्ये होऊन जातं.

फोकस सॅश पटकन सांगतो. एचपी पूर्ण असताना कितीही मोठा फटका आला तरी १ वर थांबवतो, एकदाच. सिंगल्समध्ये फक्त पहिल्या लीडला (सुरुवातीलाच उतरणाऱ्याला), कारण नंतर दगड लागले की सॅश मेली. डबल्समध्ये नाजूक आणि वेगवान पोकेमॉनला. तीनदा लागणारा सर्जिंग स्ट्राइक्स, दोनदा लागणारा ड्रॅगन डार्ट्स, टायरॅनिटारचं वाळूचं वादळ, यापैकी काहीही सॅश फुकट घालवतं.

आणखी एक मुद्दा आहे जो मी कोणाला फारसा बोलताना ऐकत नाही, तो म्हणजे आयटम समोरच्याला दिसतो कधी. लेफ्टओव्हर्स पहिल्या फटक्यानंतर टर्न संपला की स्वतःच ओरडून सांगतं, आणि नाही दिसलं तर तेही सांगतं, की याच्याकडे दुसरं काहीतरी आहे. हेल्मेट पहिल्या भिडणाऱ्या फटक्यापर्यंत लपून राहतो, म्हणून तो पहिला फटका साध्या यू-टर्नवर न घालवता समोरच्याच्या मुख्य स्वीपरकडून (टीम साफ करणाऱ्या अटॅकरकडून) खाता आला तर सोनं. बूट्स दगडांवरून चालत आलात की उघड. व्हेस्ट मात्र मेसेजच देत नाही, समोरच्याला फक्त फटका कमी का लागला हे हिशोब करूनच कळतं, आणि हिशोब करणारे कमी असतात. लॅडरवर (ऑनलाइन रँकिंगच्या मॅचमध्ये) याचा भरपूर फायदा घ्या. अधिकृत व्हीजीसी स्पर्धांना टीमशीट आधीच दाखवतात, आयटमसकट, तिथे हा लपवालपवीचा खेळ नाही, तिथे आयटम दिसत असूनही समोरच्याला त्रास देतो का एवढंच बघायचं.

ठरवताना मी स्वतः काय करतो ते सांगतो. शेवटच्या वीस मॅचचे रिप्ले उघडतो आणि त्या एका पोकेमॉनसाठी तीन गोष्टी मोजतो, किती वेळा आत आला, किती टर्न राहिला, आणि शेवटी कशाने गेला. सारखा आत येत असेल आणि दगड-स्पाइक्सनेच झिजत असेल तर बूट्स. एकदा बसला की हलत नसेल तर लेफ्टओव्हर्स. भिडणाऱ्यांसमोर येत असेल आणि स्वतःकडे रूस्टसारखं काही असेल तर हेल्मेट. स्पेशल फटक्याने थोडक्यासाठी मरत असेल आणि त्याच्या चारही मूव्ह मारायच्याच असतील तर व्हेस्ट. मग डॅमेज कॅल्क्युलेटरमध्ये तोच मारणारा फटका आयटम बदलून टाकून बघायचा, जगतोय की नाही. नुसतं कमी लागतंय याला अर्थ नाही, दोन फटक्यात मरणारा तीन फटक्यात मरायला लागला तरच आयटमने काम केलं.

मावसभावाने घरी जाऊन खरंच वीस रिप्ले मोजले. कॉर्व्हीनाइट दर मॅचला सरासरी सहा वेळा आत येतो, दर वेळी एक-दोन टर्न, आणि समोर बहुतेक वेळा यू-टर्न नाहीतर ग्रेट टस्क. हेल्मेट लावला. ड्रॅगोनाइटचं लेफ्टओव्हर्स काढून बूट्स दिले. आता डोंडोझोवरून अडलंय, तो रेस्ट (झोपून एचपी भरायची मूव्ह) करतो म्हणून भाऊ म्हणतो चेस्टो बेरी लावतो, लगेच जाग येईल, आणि मी म्हणतोय ती एकदाच कामाला येणार, स्लीप टॉक (झोपेतही मूव्ह करू देणारी) घे आणि लेफ्टओव्हर्स ठेव. या रविवारी तलावपाळीला भेटतोय, दोन्ही टीम तयार करून आणायला सांगितल्यात त्याला, एकेक करून पाच-पाच मॅच खेळून बघणार.