सेकंडहँड ग्रुपसेटच्या नादात ६४,२५० रुपये गेले

जाहिरात बघून सायकलची जुनी फ्रेम आणि ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा अख्खा संच) घ्यायला गेले आणि फसले. आधी आकडे सांगते. टोकन ५,००० रुपये. मग ‘अर्धे आत्ता, अर्धे माल हातात पडल्यावर’ या ठरावाने ३८,००० रुपये. त्यानंतर कुरिअरचा विमा ६,८५० रुपये, ‘रिफंडेबल’. शेवटी ई-वे बिलाचा (जीएसटीत मालवाहतुकीला लागणाऱ्या कागदाचा) दंड १४,४०० रुपये, तोही म्हणे रिफंडेबल. एकूण ६४,२५० रुपये. बदल्यात मिळाला एक डॉकेट नंबर, म्हणजे पार्सल कुठे पोचलं ते बघायचा कुरिअरचा नंबर, आणि तोसुद्धा खोटा.

टोकन, विमा, दंड ही साखळी तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. मलाही होती. ‘फौजीची बदली झालीय, फ्रिज स्वस्तात देतोय’वाले मेसेज बोगस असतात हे नातेवाइकांच्या ग्रुपवर मीच ओरडून सांगायचे. त्यामुळे ‘एवढी शिकलेली बाई आणि फसली कशी’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. सासूबाईंपासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांचा तो विचारून झालाय.

आता हा खटाटोप कशाला, ते. मी ब्रेव्हे करते, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड. २०० आणि ३०० किलोमीटरच्या माझ्या जुन्या अॅल्युमिनियमच्या सायकलवर निघून जातात. ४०० किलोमीटरला मुदत २७ तासांची, म्हणजे रात्र रस्त्यावरच. मध्यरात्र उलटली की थंडीने बोटं बधिर होतात आणि गिअरचा डावा लिव्हर आत ढकलायला अख्खा पंजा लावावा लागतो. इलेक्ट्रॉनिक गिअरला नुसतं बटण दाबायचं. ज्यांना ही हौस वाटते त्यांनी डिसेंबरात पहाटे तीनला एकदा खंबाटकीचा घाट चढून दाखवावा, मग बोलू.

शिमानो कंपनीने २०२२मध्ये आपल्या मधल्या किमतीच्या ‘१०५’ या ग्रुपसेटला डीआय-टू, म्हणजे इलेक्ट्रॉनिक गिअर, आणलं तेव्हा वाटलं होतं, चला, आता आपल्या आवाक्यात आलं. कसलं काय! नवा सेट घ्यायचा तर लाखाची गोष्ट. स्रॅम कंपनीच्या रायव्हल सेटची तीच तऱ्हा. एल-टू, व्हीलटॉप असे चिनी सेट बरेच स्वस्त पडतात, पण ‘त्यात काही झालं तर मी हात लावणार नाही’ असं माझ्या मेकॅनिकने आधीच सांगून टाकलं होतं. राहिलं सेकंडहँड.

जाहिरात अशी होती: कार्बन फ्रेम, साइज ५२, फ्लॅट माउंट डिस्क, १२ मिमी थ्रू-अॅक्सल, थ्रेडेड बीबी (पेडलच्या धुऱ्याचं बेअरिंग आट्यांनी बसणारं; प्रेस-फिटमध्ये ते नुसतं दाबून बसवतात). सोबत १०५ डीआय-टू, बारा स्पीड (मागे बारा दातेरी चकत्या), ९०० किलोमीटर वापर. फ्रेम ३४,००० रुपये, ग्रुपसेट ५२,००० रुपये. दोन्ही मिळून ८६,०००. ठिकाण नाशिक.

भाव बघा. फुकटात नाही. असा सेट कोणी तीस हजारांत देत असतं तर मी क्षणात ब्लॉक केलं असतं. अगदी पटेल एवढाच स्वस्त, ही त्या माणसाची हुशारी.

आणि त्याला सायकल कळत होती, हे कोणी लक्षात घेत नाही. मी त्याच्याकडे दुसऱ्या एका फ्रेमबद्दल विचारलं तर म्हणाला, ‘ताई, ती प्रेस-फिट आहे, पावसाळ्यात कुरकुरायला लागेल. तुम्ही थ्रेडेडच घ्या, कुठलाही मेकॅनिक उघडू शकतो.’ बॅटरी सीटपोस्टमध्ये बसते, तेव्हा सीटट्यूब आतून स्वच्छ आहे का ते बघून घ्या, असंही त्यानेच सांगितलं. स्वतःच्या मालातली एक खोट पण दाखवली, चेनस्टेवरचा (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवरचा) ओरखडा. चोर कधी ओरखडा दाखवतो का? दाखवतो. आता कळलं. ‘आमच्या नाशिकचं सायकलिंग तुम्हाला माहीतच आहे’ हे वाक्य तर त्याने पहिल्या फोनमध्येच टाकलं. ज्या शहराच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तिथल्या सायकलवाल्याचा आधार कार्डाचा फोटो मागायचा? मला लाज वाटली. त्याला कशाचीच वाटली नाही.

आता तो व्हिडिओ. यावर मी अजूनही दात-ओठ खाते.

मी म्हटलं, गिअर पडताना दाखवा. तासाभरात व्हिडिओ आला. सायकल स्टँडवर, मागे हिरवट मोझेकची फरशी, एक हात लिव्हरवर. बटण दाबलं की मोटरचा तो बारीक ‘झिर्र’ आवाज, डिरेलर (चेन सरकवणारा भाग) एक पायरी सरकतो, चेन उडी मारते. मी तो आवाज ऐकला आणि विरघळले. चकत्या मोजल्या नाहीत. बारा स्पीड म्हणतोय ना, मग व्हिडिओ थांबवून मागच्या चाकावरच्या कॅसेटच्या चकत्या मोजायच्या, एवढंच काम होतं. पैसे गेल्यावर मोजल्या. अकरा.

याच्याही पुढचं ऐका. हँडल धरणाऱ्या स्टेमच्या खाली रबरी पट्टीने अडकवलेली एक छोटी काळी डबी स्वच्छ दिसत होती आणि तिच्यातून दोन बारीक वायरी लिव्हरकडे गेल्या होत्या. ती डबी म्हणजे जुन्या अकरा-स्पीड डीआय-टूचा जंक्शन बॉक्स, चार्जिंगचं भोकही तिच्यातच. बारा-स्पीड १०५ला ही डबी नसतेच. तिथे लिव्हर वायरलेस, आत सीआर१६३२चे बटणसेल, आणि चार्जिंग मागच्या डिरेलरवर. मी विचारलंसुद्धा, ‘या वायरी कसल्या?’ तो म्हणाला, ‘ताई, ब्रेकचे होज आहेत ते.’ हायड्रॉलिक ब्रेकचे होज (तेलाच्या नळ्या) लिव्हरमधूनच निघतात, हे खरंच आहे. मग मी का नाही मानायचं? होजची जाडी आणि वायरीची जाडी यातला फरक मोबाइलच्या पडद्यावर रात्री अकरा वाजता कोणाला दिसतो, हे मला शहाण्यांनी सांगावं. म्हणजे पार्सल आलं असतं तरी मी फसलेच असते. बारा-स्पीडच्या किमतीत अकरा-स्पीड. दोघांच्या वायरीसुद्धा एकमेकांना लागत नाहीत, जुनीला एसडी-५०, नवीला एसडी-३००.

व्हिडिओ अर्थातच दुसऱ्या कोणाचा होता. तेव्हा मागायचं ते असं: कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख, तो कागद डिरेलरला टेकवून धरलेला, आणि त्याच चित्रीकरणात शिमानोचं ई-ट्यूब अॅप जोडून दाखवायचं. अॅपमध्ये कुठला भाग कुठल्या मॉडेलचा ते दिसतं. विकणारा खरा असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. खोटा असेल तर त्याची आई त्याच वेळी आजारी पडते.

यूपीआयवर नाव वेगळं आलं होतं. ‘बायकोचं खातं’ म्हणाला. बायकोचं आडनाव वेगळं असू शकतं, माझंही वेगळंच आहे. पण पैसे टाकण्याआधी नाव दिसतं ते बघून न बघितल्यासारखं करू नका.

३८,००० रुपये गेल्यावर डॉकेट नंबर आणि एक लिंक आली. लिंक उघडली की नामांकित कुरिअरसारखंच पान, तोच रंग, ‘इन ट्रान्झिट’. मग विम्याचे ६,८५० आणि त्यापाठोपाठ ई-वे बिल. ‘पन्नास हजारांच्या वरचा माल, बिल नाही म्हणून गाडी अडवली, दंड भरा, डिलिव्हरीला परत मिळेल.’ पन्नास हजारांची मर्यादा मी कुठेतरी वाचली होती, म्हणून भरले १४,४००. माझा दीर जीएसटीचीच कामं करतो. त्याला सांगितल्यावर तो कपाळ बडवून घ्यायचा बाकी राहिला. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल तर ती मर्यादा एक लाख आहे, आणि वापरलेलं घरगुती सामान असेल तर ई-वे बिल लागतच नाही. नाशिकहून पुण्याला, ८६,००० चा वापरलेला माल! घरात माणूस बसलेला असताना मी त्याला विचारलं नाही, कारण मग सायकलची किंमत घरात कळली असती. हे कारण तुमच्यापैकी निम्म्यांना लागू आहे, उगाच माझ्याकडे बघू नका.

त्या खोट्या ट्रॅकिंगचा खरा उपयोग मला उशिरा समजला. ते माल दाखवायला नसतं, वेळ खायला असतं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे पुढच्या खात्यात गोठण्याची शक्यता जास्त. पण पार्सल ‘इन ट्रान्झिट’ दिसत असताना कोण पोलिसांना फोन करेल? डॉकेट नंबर नेहमी कुरिअरच्या स्वतःच्या साइटवर जाऊन टाका, आलेल्या लिंकवर कधीच नाही.

आता आपल्या यंत्रणेचं कौतुक.

१९३० लागत नव्हता. लागला तेव्हा संगीत वाजलं, मग कट. पुन्हा. अखेर एका बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं, व्यवहाराचे नंबर विचारले, तक्रार क्रमांक दिला. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या म्हणाल्या, आता जवळच्या पोलीस ठाण्यात जा. गेले. तिथे उत्तर, ‘आरोपी नाशिकचा, नाशिकला जा.’ अहो, तो नाशिकचा आहे हे त्यानेच सांगितलंय! खातं तर तिसऱ्याच राज्यातलं निघालं. मी म्हटलं, झिरो एफआयआर घ्या, हद्द कुठलीही असली तरी घ्यावा लागतो. तर हवालदारसाहेब म्हणाले, ‘मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका, चारशेवीस लावायची की नाही ते साहेब ठरवतील.’ चारशेवीस १ जुलै २०२४पासून गेली, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे. हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

मग मुद्द्याचं. ‘सायकल किती म्हणालात? शहाऐंशी हजार? त्यात स्प्लेंडर येते मॅडम. मिस्टरांना विचारलं होतं का?’ मिस्टरांचा काय संबंध! पगार माझा, खातं माझं, पाय माझे. ‘आणि गिअरला बॅटरी म्हणजे?’ मी समजावलं. त्यांनी अर्जावर लिहिलं ‘इलेक्ट्रिक सायकल’. मी म्हटलं, इलेक्ट्रिक नाही, गिअर इलेक्ट्रॉनिक. ‘तेच ते.’ तेच ते नव्हतं, कारण पुढच्या टेबलावरच्या साहेबांनी अर्ज वाचून मला गाडीचा आरटीओ नंबर मागितला. नंबर नाही म्हटल्यावर कागदपत्रं अपूर्ण, अर्ज परत. तुम्ही गेलात तर ‘सायकलचे सुटे भाग’ एवढंच लिहा. बॅटरी हा शब्द तोंडातून काढू नका. आणि अर्ज दिला की पोच घ्या, शिक्का मारून, नाहीतर तुम्ही तिथे गेलाच नव्हतात.

बँकेचं तर विचारूच नका. शाखेतला मुलगा म्हणतो, ‘मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय ना?’ रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आहे, ग्राहकाच्या नकळत पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर जबाबदारी बँकेची. पण आपण आपल्या हाताने पाठवले की तो नियम आपल्याला लागू नाही, फसवून घेतले असले तरी. ज्या बँकेने दोन हजारांच्या एफडीला माझ्याकडून पॅन, आधार, फोटो, सही, पुन्हा सही घेतली, तशाच कुठल्यातरी बँकेने त्या माणसाला खातं उघडून दिलं. त्याचं केवायसी कोणी केलं, हे विचारलं तर ‘ती माहिती देता येत नाही’. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि उत्तरासाठी ३० दिवस थांबा. तोवर तो माणूस आणखी किती ग्रुपसेट विकेल?

त्या खात्यात गोठलेली रक्कम २,१३० रुपये. बाकी सगळं एटीएममधून केव्हाच गेलं. ते २,१३० सुद्धा मिळवायचे तर मॅजिस्ट्रेटचा आदेश आणा म्हणाले. वकिलाची पहिली फी त्याहून जास्त आहे.

सायकलवाल्यांच्या ग्रुपमधल्या एकाने सांगितलं, ‘मला तो माणूस आधीच संशयास्पद वाटला होता.’ वाटला होता तर बोलायचं होतंस रे बाबा, जाहिरातीखाली तुझाच अंगठा होता.

दुसऱ्या गावातला माल असेल तर त्या गावातल्या कुठल्याही सायकलवाल्या ओळखीच्याला अर्धा तास पाठवा. नाशिकमध्ये माझे ब्रेव्हेवाले चार जण आहेत. त्यांना त्रास नको म्हणून मी फोन केला नाही. त्रास द्या. चहा पाजा, पेट्रोल द्या, पण माणूस पाठवा. विकणारा ‘गावाला गेलोय, पार्सल मित्र करेल’ म्हणाला की विषय तिथेच संपवा.

हे लिहितेय कारण तीच जाहिरात पुन्हा फिरतेय. तेच फोटो, तीच मोझेकची हिरवट फरशी, चेनस्टेवरचा तोच ओरखडा. या वेळी गाव इंदूर, किंमत ७९,००० रुपये आणि वापर ६०० किलोमीटर. कोणाला दिसली तर नंबर आणि यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट काढा, टोकन न देता. आणि मला पाठवा, माझ्या तक्रारीला जोडायचे आहेत.