जुनं शेड उतरवायचंय: उक्तं द्यावं, काट्यावर विकावं की बीम अख्खे काढावेत?

भोसरीतलं आमचं ३० मीटर लांबीचं जुनं शेड गेल्या वर्षी उतरवलं, त्याच्या आधी हडपसरला मावसभावाचं उतरत होतं तेव्हा रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहायचो, त्यामुळे आता ओळखीत कुणाचं शेड निघालं की फोन मलाच येतो. प्रश्न दर वेळी तोच, की भंगारवाल्याला उक्तं देऊन मोकळं व्हावं, वजनावर विकावं, की बीम अख्खे काढून बीम म्हणूनच विकावेत.

उक्तं सगळ्यात सोपं. माणूस येतो, शेडमधे दोन चकरा मारतो, वर बघतो, पत्र्याला नावं ठेवतो आणि एक आकडा सांगतो. मजूर त्याचे, गॅस त्याचा, हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) त्याची, आठ दिवसांत जागा मोकळी. गोम एवढीच की वजन त्याने मनात काढलेलं असतं आणि तुम्ही काढलेलं नसतं. अरे पण ते काढायला तासभर लागतो फक्त! आमच्याकडे १२ खांब होते, प्रत्येकी ९ मीटर, ४५० चा आयएसएमबी, म्हणजे ४५० मिलिमीटर उंचीचा आय आकाराचा बीम, तो मीटरला ७२.४ किलो भरतो म्हणजे नुसते खांबच ७.८ टन. दोन्ही बाजूची क्रेनची गँट्री, म्हणजे वरची क्रेन ज्यांच्यावरून फिरते ते आडवे बीम, मिळून ६० मीटर, ६०० चा बीम, मीटरला १२२.६ किलो, ते झाले अजून ७.४ टन. म्हणजे १५ टन झाले आणि कैच्या (छताचे त्रिकोणी सांगाडे), पर्लिन (पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या), ब्रेसिंग (सांगाडा हलू नये म्हणून लावलेले तिरके आधार) अजून धरलंच नाही. पहिला आलेला माणूस म्हणत होता, "साहेब, सगळं मिळून बारा टन निघालं तरी नशीब." शेड फारच जुनं असेल तर बीम इंची मापाचे असतात, १२ बाय ५ वगैरे, तिथे टेबल शोधत बसू नका, फ्लँज (वरची-खालची आडवी पट्टी) आणि वेबची (मधली उभी पट्टी) रुंदी-जाडी मोजा, क्षेत्रफळ गुणिले लांबी, आणि घनमीटरला ७८५० किलो धरा, झालं.

तरी उक्तं वाईटच असं मी म्हणणार नाही. सगळं ५० च्या अँगलचं हलकं शेड असेल, पर्लिन गंजून जाळी झालेले असतील, तर तिथे अख्खं काढण्यासारखं काही नसतंच, द्या आणि सुटा. फक्त पायाचं काँक्रीट कोण फोडणार आणि राडारोडा कोण उचलणार हे कागदावर लिहून घ्या, नाहीतर लोखंड जातं आणि ढीग तुमच्याकडे राहतो.

काट्यावर विकणं ऐकायला प्रामाणिक वाटतं, किलोचा भाव ठरला, पावती दाखवली, पैसे द्या. पण खेळ काट्यावरच होतो. मावसभावाच्या वेळी रिकाम्या गाडीचं वजन झालं तेव्हा केबिनमधे चार जण कोंबून बसले होते आणि भरून आली तेव्हा एकटा ड्रायव्हर. तीन माणसं म्हणजे दोनशे किलो, प्रत्येक खेपेला, आणि खेपा झाल्या नऊ! आम्हाला कळलं ते सहाव्या खेपेला. त्यामुळे काटा तुम्ही ठरवायचा, रिकामी आणि भरलेली दोन्ही वजनं त्याच काट्यावर, आणि घरचं कुणीतरी गाडीबरोबर जायचं. शिवाय सगळं एका भावात देऊ नका, बीड (ओतीव लोखंड) वेगळं, लोखंड वेगळं, मोटारीतलं तांबं आणि बेअरिंगमधलं गनमेटल तर वेगळं हवंच हवं. भंगारावर जीएसटी १८ टक्के. कंपनी बंद करून जीएसटी नंबरही परत दिलेला असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर नोंदणी असलेल्या खरेदीदाराने रिव्हर्स चार्जमधे भरायचा असतो, आणि भाव सांगताना तो ते धरूनच सांगतो. म्हणून दोघांचे भाव शेजारी ठेवायच्या आधी टॅक्स धरून की सोडून ते विचारा, मी एकदा न विचारता जास्त भाव समजून भलत्यालाच हो म्हणत होतो.

आता अख्खे काढणं. पैसे इथे जास्त आहेत आणि डोक्याला तापही इथेच जास्त आहे. पहिलं बघायचं ते जोड. नट-बोल्ट असेल तर उत्तम, गंजला असेल तर नुसता नट गॅसने उडवायचा. रिव्हेट असतील तर एकेक डोकं कापून ठोकून बाहेर काढायचं, वेळ दुप्पट. आणि सगळं वेल्डिंग असेल तर कापावंच लागतं, मग कुठे कापायचं ते खडूने तुम्ही मारून द्या, कारण कटरला हात पुरेल तिथे कापायची सवय असते, बीम ९ मीटरचा खाली येतो की साडेसातचा याच्याशी त्याला घेणं-देणं नसतं. आमच्या कटरला मी रोज सकाळी एकच सांगायचो, "नट को काटो भैया, बीम को नहीं."

क्रमही महत्त्वाचा. पत्रे, मग एकेका गाळ्यातले पर्लिन, मग कैची आधी क्रेनच्या स्लिंगमधे (उचलायच्या पट्ट्यात) धरून मगच तिचे बोल्ट, आणि उरलेल्या सांगाड्याचं ब्रेसिंग शेवटपर्यंत तसंच. ब्रेसिंग आधी काढलं की कैच्या पत्त्यांसारख्या आडव्या होतात. १२ टनी हायड्रा म्हणजे १२ टन कुठेही उचलेल असं नाही, बूम (क्रेनचा हात) लांब केला की ती क्षमता झपाट्याने उतरते. आमचा म्हातारा खलाशी, म्हणजे जड माल उचलायला क्रेनला इशारे देणारा माणूस, हात वर करून "हाबेस... हाबेस..." (उचल) म्हणायचा आणि खांब बोटभर उचलला की थांबवून आधी खालच्या प्लेटकडे बघायचा, सगळे बोल्ट सुटलेत का, मग पुढे. जमिनीवर आणताना "आरिया". असा माणूस टीममधे नसेल तर या पर्यायाच्या वाटेला जाऊ नका, सरळ सांगतो. आणि मजुरांचा विमा आहे का ते आधी बघा.

खाली आलेल्या एका बीमला वायर ब्रश मारला तर चार रंगांच्या खालून वेबवर टिस्को (टाटा स्टीलचं जुनं नाव) अशी उठावाची अक्षरं निघाली, पोराने फोटोच काढला. घेणारे फॅब्रिकेशनवाले, ज्यांना पोटमाळा किंवा छोटं शेड करायचंय, चाकण-खेडकडचे. शहाणा गिऱ्हाईक तुकडा कापून लॅबला देतो, कारण जुन्या लोखंडाचा ग्रेड नुसता बघून कळत नाही. गँट्रीचे बीम मात्र परत क्रेनखाली वापरायला देऊ नका, वर्षानुवर्षं क्रेन फिरून त्यांचा थकवा झालेला असतो. माल पडून राहायला जागा लागते हेही धरा. पूर्वी मी सरळ कुदळवाडीला जायचो, तिथली भंगाराची गोदामं फेब्रुवारी २०२५ मधे महापालिकेने पाडली, आता गिऱ्हाईक शोधत फिरावं लागतं. आमचं काढायला १९ दिवस लागले, त्यातले पाच हायड्रावाल्याची वाट बघण्यात गेले.

पत्रे सिमेंटचे असतील तर तिन्ही पर्यायांत ते आधी वेगळे काढा. त्यात ॲस्बेस्टॉस असतो, फोडायचे नाहीत, पाणी मारून अख्खे उतरवायचे, आणि त्यावर पाय द्यायचा नाही, पत्रा फुटून माणूस सरळ खाली येतो. राडारोड्यात टाकू नका, घातक कचऱ्याची सोय रांजणगावला आहे. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेलही असंच, ते गटारात नाही.

मी स्वतः काय केलं तर खांब आणि गँट्री अख्खे काढले, कैच्या-पर्लिन काट्यावर, आणि उक्तं काहीच नाही. पण मशीनं या सगळ्याच्या आधी. वरची क्रेन चालू आहे तोवर तिनेच मशीनं गाडीवर चढवून घ्या, नंतर तेच काम हायड्राने आत शिरून करायचं म्हणजे दोन दिवस आणि वेगळं भाडं. आणि महावितरणचं मीटर काढायचा अर्ज सगळ्यात शेवटी द्या. मावसभावाने तो पहिल्याच आठवड्यात दिला, लेथ बघायला माणूस आला, म्हणाला चालवून दाखवा, दाखवणार कसं, आणि चांगलं चालू मशीन बीडाच्या भावाने गेलं.