गेम डेव्ह टायकून : चोरीला गेमच्या आतूनच दिलेले उत्तर

सोलापुरात संगणकावरचा गेम म्हणजे मित्राच्या पेन ड्राइव्हमधून मिळणारी वस्तू, अशीच समजूत बरीच वर्षे होती आणि ती अजून पुरती गेलेली नाही. म्हणूनच ‘गेम डेव्ह टायकून’ स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून विकत घेऊन खेळल्यानंतर त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. ऑस्ट्रेलियातील ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या छोट्या कंपनीने तो तयार केला आहे. १९८०च्या दशकातल्या एका गॅरेजमधून आपली गेम कंपनी सुरू करायची, विषय आणि प्रकार यांची जोडी जुळवायची, कथा, ग्राफिक्स, ध्वनी यांना किती वेळ द्यायचा ते ठरवायचे आणि मग समीक्षकांच्या गुणांची धडधडत्या मनाने वाट पाहायची, असे त्याचे स्वरूप आहे.

या गेमचे मोठेपण मात्र त्याच्या चोरीविरोधी योजनेत आहे. एप्रिल २०१३च्या अखेरीस कंपनीने आपल्या संकेतस्थळावर गेम विक्रीस ठेवला, त्याच दिवशी निर्मात्यांनी एक क्रॅक केलेली, म्हणजे पैसे न देता चालणारी आवृत्ती स्वतःच टॉरेंटवर (जिथून लोक फुकट फायली उतरवून घेतात) ठेवली. ती आवृत्ती काही काळ सुरळीत चालते. नंतर मात्र लोक आपले गेम विकत न घेता चोरून खेळत असल्याचा निरोप खेळातच येतो, चांगले गुण मिळालेल्या गेमचेही उत्पन्न आटत जाते आणि अखेर खेळाडूची कंपनी दिवाळखोरीत निघते. पहिल्या दिवशी २१४ जणांनी गेम विकत घेतला, तर किमान ३,१०४ जणांनी ती फुकटची आवृत्ती खेळली. त्यांतल्या काहींनी चोरी थांबवण्यासाठी गेममध्ये काही संशोधन करता येते का, असे मनापासून विचारले होते. सोलापुरी चादरीच्या नावावर बाहेरचा माल खपताना पाहणाऱ्या इथल्या यंत्रमागधारकाला त्या दोन भावांची व्यथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

खेळातच शिक्षा पेरण्याची पद्धत जुनी आहे. १९९५ साली अमेरिकेत आलेल्या ‘अर्थबाउंड’ या गेमची चोरटी नक्कल शेवटच्या लढाईत अडकून पडे आणि जतन केलेला सगळा खेळ पुसून टाकी, २०११च्या ‘सिरियस सॅम ३’मध्ये चोरून खेळणाऱ्याच्या मागे न मरणारा विंचू लागे. हे उपाय चोराला सतावतात, पण कष्टाचे मोल न मिळाल्यास निर्मात्याचे काय होते, हे त्याला कळत नाही. ‘गेम डेव्ह टायकून’ नेमके तेच दाखवतो आणि पैसे मोजलेल्या ग्राहकाला कसलाही जाच करत नाही. याउलट २०१३च्याच मार्चमध्ये आलेल्या ‘सिमसिटी’ला सतत इंटरनेट लागत असे आणि सर्व्हरवर ताण आल्यामुळे गेम विकत घेतलेल्यांनाच सुरुवातीला तो धड खेळता आला नाही. उन्हाळ्यात वीज गेली की घरातले वायफायही बंद पडते, अशा आपल्या गावात तसले संरक्षण मला अन्यायकारक वाटते. हा गेम मात्र लॅपटॉपच्या बॅटरीवर, इंटरनेटशिवायही चालतो.

उणिवाही आहेत. उत्तरार्धात तेच ते करावे लागते, आणि जुळणाऱ्या जोड्या एकदा उमगल्या की गुणांची हुरहूर ओसरते. मराठीची सोय नाही, त्यामुळे लहान मुलांना जवळ बसून समजावून द्यावे लागेल. तरीही जुन्या लॅपटॉपवर चालणारा आणि एकदाच पैसे मागणारा हा गेम पहिली खरेदी म्हणून मी निःशंकपणे सुचवीन. घाई नसल्यास स्टीमवरील सवलतीच्या दिवसांपर्यंत थांबावे.